इमेजिंग सेंटरला (सीटी, एमआरआयसारख्या तपासण्या करणाऱ्या केंद्राला) गुणवत्तेची मान्यता मिळाली, आता रुग्णांना आणि डॉक्टरांना ते कसं सांगावं?

आधी प्रमाणपत्रातली व्याप्ती, म्हणजे मान्यता कोणत्या तपासण्यांना लागू आहे, ते नीट वाचा. मान्यता फक्त सीटीला असेल, तर एमआरआयच्या पत्रकावर मान्यतेचं बोधचिन्ह छापू नका. इथे चूक सहज होते. शिवाय मुदत संपली तरी जुन्या लेटरहेडवर चिन्ह तसंच राहून जातं.

नुसत्या चिन्हावरून रुग्णाला काहीच कळत नाही. स्वागतकक्षात साध्या भाषेत लिहा: ‘शरीराऐवजी फँटम नावाचा नमुना यंत्रात ठेवून प्रतिमेची स्पष्टता आणि किरणांची मात्रा तपासली जाते.’

रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांना मात्र एका पानाचं पत्र द्या: कोणत्या यंत्रांना मान्यता आहे, कुठल्या तारखेपर्यंत, अहवाल किती तासांत, आणि मेंदूत रक्तस्राव दिसला तर त्यांना फोन कोण करणार. ‘सर्वोत्तम’ म्हणू नका. मान्यता म्हणजे निकष पूर्ण झाले, पहिला नंबर आला असं नाही.