मासळीच्या ओल्या हातांनी टच चालेल असा नवीन फोन कुठला?

तुम्ही हर्णै बंदरावर लिलावात उभे असता आणि ओल्या हाताने जीपे उघडतच नाही म्हणताय, तर आधी हे बघा की आयपी६८ आणि ओला टच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकानदार दोन्ही एकच म्हणून खपवतात. आयपी६८ म्हणजे धूळ आणि ठरावीक खोलीपर्यंत, ठरावीक वेळ पाणी आत जाणार नाही एवढंच, स्क्रीन ओली असताना टच नीट चालेल याची काही गॅरंटी नाही. आताचे सगळे टच कपॅसिटिव्ह असतात, म्हणजे बोटाने विजेचा चार्ज बदलतो तो स्क्रीन ओळखते, पण पाणी पण तेच करतं, आणि आपलं खारं पाणी तर जास्तच, म्हणून भलतीच बटणं दाबली जातात. यावर वनप्लस १२ मध्ये २०२४ ला अ‍ॅक्वा टच आलं, थेंब आणि बोट यातला फरक सॉफ्टवेअर ओळखतं, नंतर रिअलमीनेही स्वस्त फोनमध्ये असंच काहीतरी दिलं. पावसाच्या थेंबांना ठीक आहे हो, पण कोळंबीच्या चिकाने माखलेल्या हाताला कुठलाही फोन दाद देत नाही, पंचा जवळ ठेवाच.

अजून एक, आयपी टेस्ट गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही, आणि पाणी गेलं तर वॉरंटी बहुतेक मिळतच नाही. खारं पाणी लागलं तर साध्या पाण्याने पुसून घ्या आणि टाइप सी पोर्ट सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.