काउंटरवर उभं राहण्याआधी यकृत समजून घे

फार्मसीची पदवी हातात आली, छान झालं. पण नुसत्या पाठांतरावर विसंबू नकोस. गोळीतलं औषध आतड्यातून आधी यकृतात जातं, मग अंगभर. यकृताच्या पेशींच्या दारात वाहक प्रथिनं असतात. स्टॅटिनला, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या औषधाला, आत ओढणारं ओएटीपी१बी१ त्यातलंच. आत सीवायपी एन्झाइम औषधाचं रूप पालटतात, पुढे ते पित्तातून किंवा लघवीतून बाहेर पडतं.

टीबीवरचं रिफॅम्पिसिन मात्र नीट शीक. सोलापुरात पूर्व भागातली विडी वळणारी एक ताई टीबीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन आली होती. पैसे काढताना पिशवीतून गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट डोकावलं. रिफॅम्पिसिनमुळे सीवायपी३ए४ हे एन्झाइम वाढतं, गर्भनिरोधक गोळी भराभर मोडते आणि तिचा भरवसा राहत नाही. तिला बाजूला घेऊन समजावलं, टीबीची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका म्हटलं आणि डॉक्टरांकडे परत पाठवलं. वॉरफरिनचंही तसंच: रक्त पातळ ठेवण्याचा परिणाम घटतो. रिफॅम्पिसिन थांबवल्यावर एन्झाइम पूर्ववत व्हायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा आधी त्यासाठी वाढवलेला वॉरफरिनचा डोस अंगावर येऊ शकतो.

कितीही गर्दी असो, ‘अजून कोणती औषधं चालू आहेत?’ एवढं विचारच. बायका चारचौघांत सांगत नाहीत, तेव्हा आवाज हळू ठेव.