इंग्रजीतील ‘टू’ आणि ‘फॉर’ हे दोन्ही शब्द हेतू आणि दिशा दाखवतात, मग कोणता कुठे वापरावा?

प्रश्नकर्त्याने पुढे लिहिले आहे की, ‘आय केम हिअर फॉर टेकिंग ॲडमिशन’ हे वाक्य चुकीचे ठरवले गेले, पण का ते कोणी सांगितले नाही. ते वाक्य ‘आय केम हिअर टू टेक ॲडमिशन’ असे हवे. कारण सांगितले जात नाही, याचे मला नवल वाटत नाही. कारण सांगायला मराठी लागते आणि इंग्रजीच्या तासाला मराठी हा गुन्हा मानला जातो.

मी सातारा जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत असे. एका वर्षीच्या तपासणीत पथकातील विषयतज्ज्ञ माझ्या आठवीच्या तासाला येऊन बसले. मी फळ्यावर ‘मी पुस्तक आणायला पुण्याला गेलो’ हे वाक्य लिहिले आणि त्यातील ‘ला’ शोधायला सांगितले. मागच्या बाकावरील एक मुलगी उठून म्हणाली, “सर, जागेला पण ‘ला’ आणि कामाला पण ‘ला’.” मी त्याच वाक्याखाली ‘आय वेंट टू पुणे टू बाय अ बुक’ असे लिहिले आणि वर्गाला दोन्ही ‘टू’ एका क्षणात दिसले. हे साम्य वरवरचे नाही. साधारण इ.स. 1100 पूर्वीच्या इंग्रजीत हेतू सांगताना ‘टू’च्या पुढील क्रियापदाला चतुर्थी विभक्तीचे रूप दिले जात असे, म्हणजे ज्या शब्दाने गावाकडे जायचे, त्याच शब्दाने कामाकडेही जायचे, ही रीत तिथेही होती आणि आपल्याकडे ती आजही बोलण्यात जिवंत आहे.

मुले आपण होऊन उदाहरणे देऊ लागली होती, तेवढ्यात त्या गृहस्थांनी मला थांबवले. इंग्रजीच्या तासात मराठीचा एकही शब्द येता कामा नये, असे त्यांनी मुलांदेखत सुनावले आणि दोन्ही शब्दांची व्याख्या स्वतः इंग्रजीतून सांगितली. वर्ग गप्प झाला. ती शांतता त्यांना शिस्त वाटली असावी; मला मात्र ज्या मुलीने नुकताच एक नियम स्वतः शोधून काढला होता, तिची मान खाली गेलेली दिसत होती. शेऱ्यात त्यांनी ‘भाषांतर पद्धतीचा अवलंब’ हा दोष म्हणून नोंदवला.

मी त्यांना तेव्हाही सांगितले होते की, मुलांच्या चुका मराठीतून येतात, म्हणून त्या मराठीतूनच पकडाव्या लागतात. ‘घेण्यासाठी’मधील ‘साठी’ पाहून मुले ‘फॉर टेकिंग’ लिहितात. तिथे ‘घेण्यासाठी’च्या जागी ‘घ्यायला’ म्हणून पाहावे. वाक्य जमले आणि हेतू कर्त्याच्या स्वतःच्या कृतीचा असला, तर इंग्रजीत ‘टू’ आणि मूळ क्रियापद येते. ‘फॉर’च्या पुढे नाम ठेवावे: ‘ही वेंट आउट फॉर टी’. दोन्ही एकत्र करून ‘फॉर टू’ लिहू नये. 14व्या शतकात ते सर्रास चालत असे, आजच्या प्रमाण इंग्रजीत चालत नाही.

दिशेच्या बाबतीत ‘गाडी नागपूरला निघाली’ आणि ‘गाडी नागपूरला गेली’ या दोन्ही वाक्यांत आपला ‘ला’ तोच राहतो, कारण फरक आपण क्रियापदावर सोपवतो. इंग्रजी मात्र तो या छोट्या शब्दातही दाखवते: पहिल्यात ‘लेफ्ट फॉर’, दुसऱ्यात ‘वेंट टू’. तसेच ‘तिला पुस्तक दिले’ येथे ‘टू हर’ येते, कारण देण्यातच वस्तू तिच्यापर्यंत पोहोचते. ‘तिला पुस्तक विकत घेतले’ येथे ‘फॉर हर’, कारण घेतलेले पुस्तक अजून माझ्याच पिशवीत असू शकते. ही तुलना वर्गाबाहेर ठेवणारा शिक्षक मुलांच्या हातातील एकमेव कंदील काढून घेतो, असे माझे ठाम मत आहे.

अर्थात ‘ला’वर डोळे झाकून विसंबता येत नाही. ‘काका मुंबईला राहतात’ येथे ‘टू’ चालणार नाही, ‘इन’ हवे, कारण तिथे जाणे नाही, असणे आहे. वस्तूचा उपयोग सांगताना ‘अ नाइफ फॉर कटिंग व्हेजिटेबल्स’ असेच म्हणतात, जरी मराठीत ‘चिरायला’ चालत असले तरी. ‘थँक यू फॉर कमिंग’मध्ये हेतू नसून कारण आहे, म्हणून तिथेही ‘फॉर’च. ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’मधील ‘टू’ हा क्रियापदाचा नसून दिशेचा आहे, त्यामुळे त्यापुढे ‘मीट’ येत नाही. ‘लिसन टू’ आणि ‘वेट फॉर’ या जोड्या मात्र पाठच कराव्या लागतात.