मित्रावर बळजबरी झाली, पण तोही मुलगाच. तक्रार केली तर उलट त्याच्यावरच केस होईल का?

तुम्ही लिहिलंय की चोपड्याच्या तुमच्या मित्राला ॲपवर भेटलेल्या माणसाने परवा रात्री बळजबरी केली, व्हिडिओ काढला, आणि आता पैसे मागतोय.

पोलिसांचं नंतर बघू, आधी घड्याळ बघा. एचआयव्ही होऊ नये म्हणून देतात त्या गोळ्या, पीईपी, ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. मग २८ दिवस रोज घ्यायच्या. आजच जळगावच्या सिव्हिलला न्या. आंघोळ केली असली तरी न्या. त्या रात्रीचे कपडे धुतले नसतील तर कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते.

खिडकीवर तुम्ही उभे राहा, त्याला उभं करू नका. मी काही वर्षांपूर्वी अशाच प्रसंगी एका दवाखान्यात एकटा गेलो होतो. केसपेपरवाल्याने विचारलं, "काय व्हयनं भो?" साधाच प्रश्न, पण मागे रांग. मी म्हणालो, ताप. तापाच्या गोळ्या घेऊन घरी आलो आणि पुढचे तीन महिने टेस्टची वाट बघत काढले. म्हणून सांगतो, खिडकीवर एवढंच बोला: "कॅज्युअल्टीत डॉक्टरांना दाखवायचंय." बाकीचं आत, दार लावून.

तुमच्या मित्रावर केस होत नाही. सज्ञान माणसांचे संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत, आणि भेटायला गेला म्हणजे सगळ्याला हो म्हणाला असं नसतं. अडचण वेगळीच आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, त्यात जुन्या कायद्याचं ३७७, म्हणजे पुरुषावरची बळजबरी ज्यात बसायची ते कलम, पूर्णच गेलं. बलात्काराचं कलम बाईपुरतंच, त्यामुळे सज्ञान पुरुषासाठी तसं कलमच उरलं नाही. (मला याचा अजून राग येतो.) तक्रार मारहाण, डांबून ठेवणं, खंडणी यांत बसवावी लागते, व्हिडिओला आयटी ॲक्टचं कलम ६६ई (संमतीशिवाय खाजगी चित्रण). मित्र अठराच्या आतला असेल तर मात्र पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, तो मुलग्यांनाही लागू आहे. कलमांसाठी विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० वर विचारा. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका.

झोप लागत नसेल तर १४४१६, टेलि-मानस, मराठीत बोलतात. घरी सांगायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल, तुम्ही काकूंना काही बोलू नका.

निघताना त्याला दोन घास खायला घाला, त्या गोळ्यांनी मळमळतं.