रक्ताच्या रिपोर्टवर डोळ्यामागची गाठ ओळखता येते का?

प्रश्न : माझी आई ६१ वर्षांची आहे. बरेच महिने झाले, डाव्या डोळ्याची वरची पापणी कानाकडच्या बाजूला सुजलीय, दुखत नाही, पण डोळा जरा पुढे आल्यासारखा दिसतो. एमआरआयमध्ये अश्रुग्रंथी मोठी झाल्याचं आलं. डॉक्टर बायोप्सी करू म्हणतात, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासू, आई म्हणते डोळ्याला सुरी लावू देणार नाही. नातेवाईक सांगतात आता रक्तातल्या प्रोटीनवरूनच गाठ कळते, ट्युमर मार्करचं पॅकेज करून घ्या. तेवढ्यावर भागेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तेवढ्यावर नाही भागणार. पण रक्त तपासायचंच नाही असंही नाही, फक्त काय तपासायचं ते नीट ठरवून करा. पॅकेजमधलं सीए-१२५, सीईए वगैरे पोटातल्या कॅन्सरच्या फॉलोअपला जास्त कामाचं, अश्रुग्रंथीच्या गाठीबद्दल ते काही बोलत नाही, उलट एखादा आकडा थोडा वर आला की घरात रडारड सुरू.

पहिली थायरॉईडची तपासणी करा, टीएसएच आणि सोबत टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी, कारण मोठ्या माणसांत डोळा पुढे येण्याचं सगळ्यात कॉमन कारण थायरॉईडच, आणि ते एका डोळ्यातही दिसू शकतं.

दुसरं आयजीजी-४. आपल्या रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडीचे चार प्रकार, त्यातला हा सगळ्यात कमी असणारा. २००१ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की स्वादुपिंडाच्या एका आजारात तो खूप वाढतो, मग कळलं की तोच आजार लाळग्रंथी, अश्रुग्रंथी सुजवतो आणि हुबेहूब ट्युमरसारखा दिसतो. मिकुलिच नावाच्या सर्जननी १८८८ मध्ये असाच एक पेशंट बघितला होता, तेव्हा कारण कुणालाच माहीत नव्हतं. आता १३५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आकडा आला की संशय घ्यायचा. संशयच हं, निदान नाही! दमा-ॲलर्जीवाल्यांत तो वाढलेला असतो, काही लिम्फोमातही (लसिका पेशींच्या कॅन्सरमध्ये) वाढतो, आणि बायोप्सीत आजार पक्का ठरलेल्या काहींचा रक्तातला आकडा चक्क नॉर्मल येतो. अजून एक गंमत म्हणजे रक्तात आयजीजी-४ प्रचंड असेल तर मशीन कधीकधी चुकून कमी दाखवतं, सॅम्पल पातळ करून परत लावलं की खरा आकडा येतो, त्यामुळे लक्षणं आणि रिपोर्ट जुळत नसतील तर लॅबला तसं सांगावं.

लिम्फोमाचा संशय असेल तर एलडीएच, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या तपासण्या बघतात, पण डोळ्याभोवतीचा लिम्फोमा बहुतेक वेळा मंद चालीचा असतो, हे सगळं नॉर्मल येऊनही गाठ तिथेच असते. बऱ्याच प्रोटीनांचा एकत्र पॅटर्न बघून गाठ ओळखायचं संशोधन चालू आहे, पण त्याच्या भरवशावर आईची बायोप्सी टाळता येणार नाही.

आणि हे मात्र ठामपणे सांगते, बायोप्सीआधी कुणी 'सूज उतरेल' म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या तर आधी तुमच्या सर्जनना विचारा. आयजीजी-४ ची सूज त्यानं उतरते, लिम्फोमाही काही दिवस आकसतो, सगळे खूश, आणि मग तुकडा काढला तर पॅथॉलॉजीवाल्यांना नीट काही दिसतच नाही.

आईंना सांगा, बायोप्सीत डोळ्याला सुरी लागत नाही, ग्रंथी खोबणीत वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात असते, पापणीच्या घडीत छोटा छेद घेऊन तिथपर्यंत जातात. मात्र एमआरआय बघून सर्जनना प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा (ग्रंथीची कॅन्सर नसलेली एक गाठ) वाटत असेल तर तुकडा न काढता गाठ आवरणासकट अख्खी काढतात, तुकडा घेतला तर ती परत उगवायची भीती असते, म्हणून आपल्या केसमध्ये तुकडा की अख्खी, हे आधीच विचारून घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा, ती स्वतःहून बंद करू नका.