‘दृष्टिकोन बदल’ म्हणणाऱ्या भावाला काय सांगू?

*प्रिय मावशी,*

*मी ३९ वर्षांची, नोकरी करते. आठ महिन्यांपूर्वी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात जवळपास निकामी झाला. आई नाही, त्यामुळे सगळं माझ्यावर. त्यातच ऑफिसात जे प्रमोशन मला मिळणार असं सगळेच धरून चालले होते, ते दुसऱ्याला मिळालं. दादा याच शहरात राहतो, रविवारी तासभर येतो. परवा त्याच्यापाशी रडले तर म्हणाला, "तू सगळं मनाला लावून घेतेस. दृष्टिकोन बदल, त्रास आपोआप कमी होईल."*

*मी प्रयत्न केला हो! रोज झोपताना दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहिल्या. नवव्या दिवशी वही कपाटात टाकली.*

*गेल्या आठवड्यात मला निघायला उशीर होत होता आणि बाबा डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत बसले होते. दोन लागली होती, तिसऱ्यावर अडले होते. मी त्यांचा हात बाजूला केला आणि खटाखट सगळी लावून टाकली. ते काही बोलले नाहीत, खिडकीकडे बघत राहिले. मी बसमध्ये रडले. आपण वाईट मुलगी आहोत, आपल्याला साधं पॉझिटिव्हही राहता येत नाही, असं दिवसभर वाटत होतं. हल्ली पहाटे चारला जाग येते. खरंच माझ्या दृष्टिकोनातच खोट आहे का? (मला 'तू'च म्हणा.)*

*– थकलेली*

अगं, आधी तुझ्या दादाचं बघू, कारण पत्र वाचताना मला पहिला राग त्याचा आला. त्याचं वाक्य अगदीच चुकीचं नाही. पण रविवारी तासभर येणाऱ्या माणसाला दृष्टिकोन फार स्वस्त पडतो. तुझ्या घरात दोन माणसांचं काम एक माणूस करतंय. हे दुखणं दृष्टिकोनाचं नाही, वाटणीचं आहे. ते तू कितीही चांगल्या नजरेने पाहिलंस तरी सकाळी उठून करायचं काम तेवढंच राहणार. त्याच्याकडे मी शेवटी येते.

वहीबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. नऊ दिवस टिकली हेच मला खूप वाटतं. आईच्या आजारपणात माझी चार दिवसांत संपली होती. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी शोधायच्या म्हणजे मला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं, आणि चौथ्या रात्री मी चक्क खोटं लिहिलं. काहींना अशी वही मानवते. पण दृष्टिकोन बदलणं म्हणजे हसरं तोंड करणं नव्हे. जे घडलं ते जेवढं होतं तेवढंच बघता येणं, न वाढवता आणि न लपवता, एवढंच ते काम. ऐकायला सोपं वाटतं, पण भयंकर अवघड आहे.

आता त्या बटणांकडे ये. तुझ्या हातून घडलं ते इतकंच: उशीर होत होता म्हणून तू बाबांची बटणं लावलीस. ते खिडकीकडे बघत राहिले. बस. यात 'वाईट मुलगी' कुठेही नाही. ती बसमध्ये आली.

१९६०च्या दशकात अॅरन बेक नावाच्या मनोविकारतज्ज्ञांच्या लक्षात आलं की रुग्ण मोठ्याने जे बोलतात त्याच्या खाली आणखी एक बोलणं चालू असतं. ते तुटक असतं, झटकन येऊन जातं, आणि ते खरं आहे की नाही हे तपासायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस साधारण हेच थोडं आधी, १९५०च्या दशकापासून सांगत होते: घटना आणि भावना यांच्या मध्ये एक विचार उभा असतो आणि आपण त्याला न बघताच ओलांडून जातो. तू बसमध्ये रडलीस ती बटणांमुळे नाही, त्या मधल्या वाक्यामुळे.

म्हणून त्या जुन्या वहीत आता चांगल्या गोष्टी लिहू नकोस. दिवसातून एकदा, सगळ्यात जास्त टोचलेलं ते मधलं वाक्य लिही. जसं आलं तसं, सभ्य न करता. मग त्यात तीन चोर शोध. पहिला 'कायमचं': आता हे असंच राहणार. दुसरा 'सगळंच': प्रमोशन गेलं म्हणजे मी कशालाच लायक नाही. तिसरा 'माझ्यामुळेच'. मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराश माणसांच्या विचारांत हेच तीन धागे दाखवले. तुझ्या पत्रात मला तिन्ही सापडले, तेही एवढ्याशा पत्रात. चोर सापडला की वाक्य पुन्हा लिहायचं. 'मी आदर्श मुलगी आहे' असं मुळीच नको, ते तुला स्वतःलाच पटणार नाही. 'त्या दिवशी मी घाई केली आणि त्यांना ते लागलं असावं' असं लिही. हेही बोचतंच, पण याच्या पुढे काहीतरी करता येतं. वाईट मुलीला काय करता येणार?

सेलिगमन यांचं नाव निघालंच आहे तर एक जुनी हकीकत सांगते. १९६७ साली त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. (मला ते वाचवत नाहीत.) काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत आणि त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. पुढे त्यांना अशा पेटीत ठेवलं की मधला आडवा अडसर ओलांडला की सुटका. त्यांतली बरीचशी ओलांडायचा प्रयत्नच करेनात, पडून राहिली. याला त्यांनी 'शिकलेली असहायता' म्हटलं आणि तो शब्द जगभर गेला. पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. २०१६ साली त्याच दोघांनी लिहिलं की आमचा अर्थ उलटा होता. त्रास लांबला की हातपाय गाळणं हे शिकावं लागत नाही, ती मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे, की आपल्या करण्याने काहीतरी बदलतं.

हे वाचल्यावर मी माझ्या कितीतरी जुन्या सल्ल्यांबद्दल मनात माफी मागितली. आठ महिने जे झटके तू खातेयस, ते खाऊन कुणीही गळून जाईल. त्यात तुझ्या स्वभावाची खोट नाही. आणि पडून राहिलेली ती कुत्री कशाने उठली ठाऊक आहे? त्यांना गळ्यातल्या दोरीने ओढून अडसरापलीकडे न्यावं लागलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग ती आपली आपण जायला लागली. आधी पाय हलले. मन मागून आलं.

तुझे बाबा त्या सकाळी तेच करत होते गं. आठ महिन्यांत त्यांच्या हातात फार थोडं उरलंय आणि त्यांनी दोन बटणं जिंकली होती. म्हणून ती खिडकी. तू निर्दय नव्हतीस, तुला बस गाठायची होती. पण उद्यापासून त्यांना वीस मिनिटं आधी शर्ट दे. आणि तुझ्यासाठीही असं एक बटण शोध: जे तुझ्या करण्याने होईल आणि दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर नसेल. प्रमोशन ते नाही, ते साहेबांच्या हातात आहे. पंधरा मिनिटं एकटीने चालणं चालेल. अर्धवट राहिलेलं शिवण चालेल. क्षुल्लक वाटलं तर उत्तम.

पहाटे चारची जाग मात्र तू पत्राच्या शेवटी घाईत सांगितलीस आणि मला तीच सगळ्यात जास्त खटकली. दोन आठवडे किंवा जास्त दिवस रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर ते वहीचं काम नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जायचं. बाबांच्या तपासणीला जातेस तसंच, तितक्याच सहजपणे. आणि जगणं नकोसं वाटलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला कुणाला तरी सांगायचं. मला पत्र लिहीत बसायचं नाही.

आता दादा. त्याला 'जमेल का रे कधीतरी?' असं विचारू नकोस. असा प्रश्न नाही म्हणण्यासाठीच असतो. त्याच्यापुढे रडूही नकोस. रडलीस की तो उपदेश करतो, कारण त्याला तेवढंच सुचतं. एका कागदावर आठवड्याची कामं लिही: औषधं, व्यायाम, आंघोळ, डॉक्टर, रात्रीचं उठणं. प्रत्येकापुढे कोण करतं ते नाव लिही. तुझंच नाव खाली खाली उतरत गेलेलं त्याला दिसू दे. मग कागद त्याच्या हातात देऊन म्हण, "दादा, शनिवार तुझा. सकाळी आठ ते रात्री आठ. या शनिवारपासून." तो पुन्हा दृष्टिकोनावर आला तर म्हण, "बदलला. म्हणूनच सांगतेय."

तो चिडेल. दोन-तीन शनिवार चुकवेलही. आला की तू घरात थांबू नकोस, नाहीतर औषधाची बाटली कुठे आहे हे विचारत दिवसभर तुझ्या मागे फिरेल. चप्पल घाल आणि बाहेर पड. एक मात्र त्याला बजावून जा, बाबांच्या शर्टाला हात लावायचा नाही, कितीही वेळ लागू दे.

तिसऱ्या बटणाचं काय झालं ते कळव.

– मावशी