आकार मोजताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

कॅलिपरने लांबी-रुंदी मोजून काम भागत होतं. मग पानं, पंख, कवट्या यांच्या चित्रांवर ठरावीक जागी बिंदू लावून आकार मोजण्याचा हा खटाटोप कशाला?

पान बुडाशी रुंद असो वा टोकाशी, लांबी-रुंदीचे आकडे तेच येऊ शकतात. आकार मात्र निसटतो. जीवशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांनी 1917 मध्ये डायोडॉन मासा चौकटींच्या जाळ्यावर काढला आणि जाळं वाकवून त्यातून सनफिश हा दुसराच मासा उभा केला. कल्पना देखणी, पण गणित कच्चं. ते पक्कं व्हायला 1980 चं दशक उजाडलं. संख्याशास्त्रज्ञ केंडॉल यांनी आकारांची भूमिती मांडली, तर त्याच क्षेत्रातल्या बुकस्टाइन यांनी पातळ पत्रा वाकवण्याच्या गणितातून थॉम्पसन यांचं जाळं हिशेबात बसवलं.

माझ्याकडचे माशीच्या पंखांचे फोटो लहानमोठे, वेडेवाकडे फिरलेले आहेत. तुलना होईल?

होईल. शिरा जिथे मिळतात तिथे, प्रत्येक पंखावर त्याच क्रमाने बिंदू लावा. मग सगळ्यांचे मध्यबिंदू एकत्र आणायचे, आकारमान (म्हणजे लहानमोठेपणा) सारखं करायचं आणि बिंदू एकमेकांवर जास्तीत जास्त बसेपर्यंत फिरवायचं. पद्धतीला नाव मिळालंय प्रोक्रस्टीसचं, म्हणजे पाहुण्याला ताणून किंवा पाय छाटून पलंगाच्या मापात बसवणाऱ्या ग्रीक लुटारूचं. नाव अन्यायाचंच, कारण इथे छाटाछाट नाही. आकारमानही फेकायचं नाही, वेगळं नोंदवायचं. वाढीबरोबर आकार कसा बदलतो ते त्यावरूनच कळतं. मात्र कॅमेरा तिरका धरला असेल, तर ती चूक कुठलंही फिरवणं दुरुस्त करत नाही.

दोघा विद्यार्थ्यांनी त्याच कवट्या मोजल्या, उत्तरं वेगळी आली. कोण चुकलं?

बहुधा कोणीच नाही. हाडांचे सांधे जिथे भेटतात तो बिंदू दोघांना सारखा सापडतो. ‘फुगवट्याचं टोक’ म्हटलं की प्रत्येकाचं टोक निराळं. दहा कवट्या निवडा, आठवड्याच्या अंतराने दोघांकडून पुन्हा मोजून घ्या. माणसामाणसांतला फरक प्राण्यांच्या प्रजाती-प्रजातींतल्या फरकाएवढा निघाला, तर दोघांचे आकडे एकत्र करू नका. अख्खं काम एकाच हाताने होऊ द्या. हे आधी न तपासता काढलेल्या रंगीत आलेखांवर माझा तरी विश्वास नाही.

आता संगणकच सीटी स्कॅनवर बिंदू लावतो. आमची गरज उरेल?

हजारो नमुन्यांसाठी तो हवाच. पण तो शिकतो माणसाने लावलेल्या बिंदूंवरून, आणि कधी न पाहिलेली विचित्र कवटी समोर आली की बिंदू सरासरीकडे ओढले जाण्याचा धोका असतो. म्हणून टोकाचे नमुने आधी बाजूला काढा, त्यांच्यावर स्वतः बिंदू लावा आणि मग संगणकाच्या बिंदूंशी ताडून पाहा.